हिजरच्या दगडांवर काय लिहिलंय

मागच्या हिवाळ्यात माझ्या धाकट्या दिराचा व्हिडिओ कॉल आला. तो यानबूला ट्रक चालवतो. सुट्टी होती म्हणून चार मित्रांबरोबर अल-उलाला गेला होता आणि मदाइन सालेहच्या डोंगरासमोर उभं राहून त्याने फोन लावला होता. "भाभी, बघा, समूदची घरं!" मागे एकच अजस्र खडक. त्याच्या अंगावर कोरलेले खांब, दरवाजा, वर दोन्ही बाजूंना पायऱ्यापायऱ्यांची नक्षी. मी बघतेय तोवर अम्मी, म्हणजे माझ्या सासूबाई, हातातली तसबीह तशीच धरून आल्या आणि त्यांनी फोन काढून घेतला. ना सलाम, ना तब्येतीची चौकशी.

"पाणी प्यायलास का तिथलं?"

"नाही अम्मी, बाटली आणलीय सोबत."

"मग नीघ आता. आणि तिथे उभा राहून हसू नकोस."

अम्मींचं शिक्षण चौथीपर्यंतचं, पण ही हदीस त्यांना पक्की ठाऊक. हिजरी सन ९ मध्ये तबूकच्या मोहिमेवर जाताना नबी (स.) आणि त्यांचे साथी याच हिजरवरून गेले. तिथल्या विहिरींचं पाणी लोकांनी भरून घेतलं, पीठही मळलं. नबींनी (स.) ते पाणी ओतून द्यायला आणि मळलेलं पीठ उंटांना घालायला सांगितलं, आणि ज्या विहिरीवर सालेह (अ.) यांची उंटीण पाणी प्यायची तिथूनच पाणी घ्यायला सांगितलं. स्वतःवर जुलूम केलेल्या लोकांच्या वस्तीतून जाताना रडत जा, तेही मान खाली घालून. आमच्या घरात ही गोष्ट तीन पिढ्या सांगितली जातेय.

मीही सांगतच होते की. जवळपास पंधरा वर्षं वर्गात समूद कौमचा विषय निघाला की मी हाच डोंगर दाखवायचे. आधी कॅलेंडरवरून कापलेलं चित्र होतं, मग मोबाईल आला. त्या कॉलचा स्क्रीनशॉट मी दुसऱ्या दिवशी आठवीच्या मुलींना दाखवला. नेहमीप्रमाणे सांगितलं, "हे लोक डोंगर कोरून घरं करायचे, त्यांना आपल्या ताकदीचा गर्व झाला..." मागच्या बाकावरून एका मुलीने विचारलं, "मॅडम, घर आहे तर खिडक्या का नाहीत?"

मी म्हटलं, वाळवंटात ऊन फार असतं. ती गप्प बसली. पण माझं उत्तर मलाच पटलं नव्हतं. आमच्या कोकणात ऊन कमी असतं का? खिडकी नसलेल्या घरात चूल कुठे पेटवणार?

त्या रात्री मोबाईलवर शोधायला बसले आणि पुढचे दोन-तीन महिने तेच वाचत राहिले. शोधलेलं सगळंच इथे मांडत नाही, पण खिडक्यांचं उत्तर आधी देते. त्या कबरी आहेत.

हे काही आजचं संशोधन नाही. १८७६ मध्ये चार्ल्स डाऊटी नावाचा एक इंग्रज प्रवासी दमास्कसच्या हज काफिल्याबरोबर हिजरला पोचला. काफिला पुढे गेला, हा मागे राहिला. खडकातल्या त्या खोल्यांत शिरून त्याने पाहिलं, तर आत भिंतींमध्ये आडवे कोनाडे कोरलेले होते आणि त्यांत हाडं होती. दरवाजांवर लेख होते. त्यांवर ओला कागद दाबून त्याने ठसे घेतले. ते पुढे पॅरिसला गेले, वाचले गेले, आणि कळलं की ही मालकीहक्काची पत्रं आहेत. ही कबर कुणाची, कुणाला इथे दफन करायचं, कुणाला नाही.

ज्यांनी त्या कोरल्या ते लोक म्हणजे नबाती. जॉर्डनमधलं पेट्रा ज्यांचं, तेच. लोबान आणि मसाल्यांच्या व्यापारावर श्रीमंत झालेले अरब. हिजर हे त्यांच्या राज्याचं दक्षिणेकडचं मोठं शहर, ग्रीक-रोमन लोक त्याला हेग्रा म्हणायचे. युनेस्कोने २००८ मध्ये ही जागा जागतिक वारसा यादीत घेतली, सौदी अरबची ती पहिलीच. तिथे १११ मोठ्या कबरी आहेत, त्यांतल्या ९४ नक्षीदार. तारखा घातलेले लेख इसवी सनाच्या अगदी सुरुवातीपासून सन ७५ च्या सुमारापर्यंतचे आहेत. म्हणजे हजरत ईसा (अ.) यांचा काळ.

मग हे लोक राहायचे कुठे? खाली मैदानात. लैला नेहमे यांच्या फ्रेंच-सौदी पथकाने तिथे वर्षानुवर्षं खोदकाम केलं. मातीच्या विटांची घरं, भोवती तटबंदी, आणि शंभराहून जास्त विहिरी. दिराने पाठवलेल्या फोटोंत त्या मैदानाचा एकही फोटो नाही. मातीच्या ढिगाऱ्यासमोर उभं राहून कोण फोटो काढतं?

कोरण्याची पद्धत मला फार आवडली. वरून खाली. गवंडी बांधकाम पायापासून सुरू करतो, हे लोक शेंड्यापासून. पाथरवट डोंगराच्या माथ्याजवळ उभा राहून आधी पायऱ्यांची नक्षी काढायचा, मग खांबांचे माथे, मग खांब, शेवटी दरवाजा. जो खडक माझा दीर मागे घेऊन उभा होता तो कस्र अल-फरीद. तो अर्धवट राहिला, आणि अर्धवट राहिल्यामुळेच पद्धत दिसते. वरचा भाग घोटून गुळगुळीत, खालच्या भागात छिन्नीचे घाव तसेच. काही कबरींच्या लेखांत पाथरवटांची नावंही आहेत. ताजमहालाच्या कारागिरांचे हात तोडले म्हणून खोटी दंतकथा आपण ऐकतो. इथे दोन हजार वर्षांपूर्वी मालकाच्या नावाखाली मजुराचं नाव कोरलेलं आहे.

आता त्या लेखांबद्दल. तीसहून अधिक कबरींवर कायद्याच्या भाषेतले लेख आहेत, आणि त्यांत कितीतरी ठिकाणी मालक बायका आहेत. नवव्या वर्षी, म्हणजे हारिसा राजाच्या कारकिर्दीच्या नवव्या वर्षी, वाइलाची मुलगी कमकम आणि तिची मुलगी कुलैबा यांनी स्वतःसाठी आणि आपल्या वंशजांसाठी कबर करून घेतली. कोणी ती विकू नये, गहाण ठेवू नये, भाड्याने देऊ नये. ठेवली तर दंड, देवालाही आणि पुजाऱ्यालाही. दुशरा, लात, मनात यांची लानत वेगळी. (लात आणि मनात ही नावं वाचून मी क्षणभर थबकले. कुरआनमध्ये ज्यांचा निषेध आहे त्या इथे साक्षीदार म्हणून दगडावर बसलेल्या.) एका लेखात तर या मजकुराची नक्कल मंदिरात ठेवल्याचंही नमूद केलंय. म्हणजे आजच्या भाषेत रजिस्ट्री.

इथे जरा स्वतःचं सांगते. अब्बा गेल्यानंतर आम्ही दोघी बहिणींनी हक्कसोडपत्रावर सह्या केल्या. कुणी जबरदस्ती केली नाही. भावांनी बिर्याणी मागवली होती, साडीही दिली. शरियतने दिलेला हिस्सा, देशाच्या कायद्याने दिलेला हिस्सा, दोन्ही आम्ही "माहेर तुटायला नको" म्हणून सोडले. मी बीएड झालेली बाई, मुलींना वर्गात हक्क शिकवणारी. कमकमचा लेख वाचला त्या दिवशी मला रात्री उशिरापर्यंत झोप लागली नाही. जिला मी पंधरा वर्षं 'गर्विष्ठ, नष्ट झालेली कौम' म्हणून वर्गात उभं करत होते ती प्रत्यक्षात आपल्या लेकीचं नाव कागदावर पक्कं करणारी एक आई होती.

अशीच एक हिनत. वहबची मुलगी, कबरीचं साल ६०-६१. तिच्या कबरीत अनेक जणांचे अवशेष मिळाले, कापडात आणि चामड्यात गुंडाळलेले. त्यांतल्या एका बाईच्या कवटीवरून तज्ज्ञांनी चेहरा तयार केला आणि २०२३ मध्ये तो हेग्रात लोकांसमोर ठेवला. ती बाई खरोखर हिनतच असेल असं नाही, नाव कबरीच्या मालकिणीचं दिलंय. मी तो फोटो अम्मींना दाखवला. चष्मा लावून त्यांनी बराच वेळ पाहिला आणि म्हणाल्या, "ही तर आपल्या जुबेदाखालासारखी दिसते." मग लगेच, "तौबा, तौबा," म्हणून फोन परत दिला.

आणि समूद? ते होते की नव्हते?

होते. अश्शूरचा राजा दुसरा सार्गोन याच्या दरबारी नोंदींत इ.स.पू. ७१५ च्या सुमारास वाळवंटातल्या ज्या टोळ्यांना हरवल्याचं लिहिलंय त्यांत समूदचं नाव आहे. त्यानंतर जवळपास नऊशे वर्षांनी रव्वाफा इथल्या एका मंदिरावर ग्रीक आणि नबाती भाषांतला लेख मिळतो. समूदच्या लोकांनी रोमन सम्राट मार्कस ऑरेलियस आणि त्याचा सहसम्राट यांच्या सन्मानार्थ ते मंदिर उभारलं, असा मजकूर. म्हणजे नाव खरं, मुलूखही तोच वायव्य अरबस्तान. पण नक्षीदार दरवाजांवर एकाही ठिकाणी समूद नाही. नऊशे वर्षं एकाच नावाने तेच लोक राहिले असतील, की जुन्या मोठ्या नावाखाली नवे लोक जमत गेले असतील? मला दुसरं जास्त पटतं. आपल्याकडेही आडनाव देशमुख म्हणून सगळ्यांचे पणजोबा देशमुखी करत होते असं थोडंच आहे?

संशोधकांनीही यात घोळ घातलाय, हे सांगायला हवं. अरबस्तानभर खडकांवर खरडलेले हजारो छोटे लेख मिळतात. त्यांतल्या ज्यांचा नीट पत्ता लागेना त्या सगळ्यांना जुन्या पंडितांनी 'समूदी' म्हणून एका गाठोड्यात बांधलं. समूद कौमशी त्यांचा संबंध सिद्ध झालाय असं मुळीच नाही. पण नाव चिकटलं ते चिकटलं, आणि त्याच्या जोरावर यूट्यूबवर किती व्हिडिओ बनले असतील देव जाणे.

व्हिडिओंवरून आठवलं. मुलींचा पुढचा प्रश्न ठरलेला: "मॅडम, ते लोक साठ-साठ फूट उंच होते ना?" आणि पाठोपाठ कुणाच्या तरी मोबाईलमधला तो फोटो, वाळवंटात एक राक्षसी सांगाडा आणि शेजारी मुंगीएवढा माणूस. खाली लिहिलेलं, आद कौमचा सांगाडा, सौदीत सापडला. हा फोटो २००२ मध्ये एका फोटो-संपादन स्पर्धेसाठी बनवला गेला. मूळ चित्र न्यूयॉर्क राज्यात २००० साली चाललेल्या एका उत्खननाचं, हत्तीच्या दूरच्या नातेवाइकाच्या, मॅस्टोडॉनच्या हाडांचं. गंमत अशी की २००७ मध्ये मुंबईच्या एका मासिकाने असाच सांगाडा भारतात सापडल्याची आणि त्याचा महाभारताशी संबंध असल्याची बातमी छापली, मग चूक कळल्यावर मागे घेतली. आमच्या शेजारच्या काकूंनीही मला तो घटोत्कच म्हणून पाठवला होता. बिचारा मॅस्टोडॉन! हिजरच्या कबरींतली माणसं मात्र तुमच्या-आमच्या उंचीचीच आहेत, आणि कोनाडेही तेवढेच.

त्या मुलुखाचं खरं प्राचीनपण याहून कितीतरी मोठं आहे. अल-उला आणि खैबरच्या माळांवर दगड रचून केलेले लांबलचक आयत आहेत, 'मुस्ततील' म्हणतात त्यांना, हजाराहून अधिक, सुमारे सात हजार वर्षांपूर्वीचे. एकाच्या आत गुरांची शिंगं आणि कवट्या मिळाल्या. म्हणजे त्या काळी तिथे गुरं पोसण्याइतकं गवत होतं. आणखी मागे गेलं तर ईशान्येला नफूद वाळवंट. तिथे अलअसर नावाच्या सुकलेल्या तळ्याच्या काठी माणसांच्या पावलांचे ठसे सापडले, सुमारे एक लाख वीस हजार वर्षांपूर्वीचे. आजूबाजूला हत्तींचे, उंटांचे ठसे. कुणीतरी पाण्याला आलं, चिखलात पाय रुतले, निघून गेलं. नाव नाही, कौम नाही. पण त्यांनाही पाण्यालाच यावं लागलं, हे वाचताना मला अम्मींचा फोनवरचा पहिला प्रश्न आठवला.

हे सगळं एकदम वर्गात सांगितलं नाही, तेवढी अक्कल आहे. पण कबरींचं सांगितलं. "मी तुम्हाला इतके दिवस चुकीचं सांगत होते" हे वाक्यही म्हटलं. खिडक्यांचा प्रश्न विचारणारी मुलगी खूश झाली. चौथ्या दिवशी एक वडील शाळेत आले. बाई मुलींच्या मनात कुरआनबद्दल शंका घालतात, अशी तक्रार. मुख्याध्यापकांनी चहा मागवला, त्यांची समजूत घातली आणि ते गेल्यावर मला म्हणाले, "तुम्ही उर्दू-मराठी शिकवा ना. इतिहासाला सर आहेत." मी काही बोलले नाही. बीएडला आम्हाला शिकवलं होतं की शिक्षकाने चूक कबूल केली की विद्यार्थ्यांचा विश्वास वाढतो. पालकांचं काय होतं ते अभ्यासक्रमात नव्हतं.

त्या वडिलांचा मला राग आला नाही, हे खरं सांगते. त्यांना वाटलेली भीती मला आधी वाटून गेली होती. शेवटी आमच्या मोहल्ल्यातल्या एका वयस्क मौलानांकडे गेले. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. म्हणाले, "आपा, कुरआनमध्ये दोन गोष्टी आहेत, मैदानातले महाल आणि डोंगरात कोरलेली घरं. फोटो कोणता लावायचा ते आपण ठरवलंय. हदीसमध्ये हिजरच्या त्या मुलखाला जालिमांची वस्ती म्हटलंय, ते मी पुसू शकत नाही. आणि दगडावर जे लिहिलंय ते तुम्हीही पुसू नका." मग थोडं थांबून म्हणाले, "एका जागेवर एकानंतर एक किती लोक राहून जातात. आपल्याच मस्जिदीमागच्या विहिरीचा पहिला मालक कोण, सांगा बरं."

मला यातून पूर्ण उत्तर मिळालं असं नाही. डोंगरात कोरलेली समूदची घरं कुठे, हा प्रश्न माझ्यापुरता उभाच आहे. त्याच्यासोबत नमाज पढता येते, हे मात्र कळलं.

पण मुख्याध्यापकांचं ऐकून उर्दूच शिकवायला घेतली, आणि तिथेही हिजर वाट अडवून उभं राहिलं.

उर्दू शिकवणाऱ्या कुणालाही विचारा, पहिल्या महिन्यातली रड एकच असते: बे, पे, ते, टे, से. होडी तीच, फक्त टिंबं वेगळी. जीम, चे, हे, खे यांचं पोट तेच. मुलं विचारतात, वेगळी अक्षरं का नाही केली? मी म्हणायचे, अशीच आहेत, पाठ करा. आता कारण सांगते. नबाती लोक बोलायचे अरबी, पण लिहायचे आरामी लिपीत, जिची अक्षरं बावीस. अरबीला लागतात अठ्ठावीस. भरीला हे लोक व्यापारी, भराभर लिहिणारे. अक्षरं एकमेकांना जोडली गेली, झिजली, वेगवेगळी असलेली एकसारखी दिसू लागली. मोडी वाचलेल्यांना हे समजावून सांगायला नको. तिसऱ्या ते पाचव्या शतकातले असे मधल्या अवस्थेतले लेख वायव्य अरबस्तानात मोठ्या संख्येने मिळालेत आणि नेहमे यांनी त्यांचाच अभ्यास केलाय. नबाती अक्षर हळूहळू अरबी होताना त्यांत दिसतं. मी फळ्यावर जो बे काढते तो तिथून चालत आलाय.

हिजरमध्येच सन २६७ चा एक लेख आहे. काब नावाच्या मुलाने आपली आई रकूश हिच्या कबरीवर तो कोरला. अक्षरं नबाती, पण भाषा बरीचशी अरबी. ती अल-हिजरमध्ये वारली, असं त्यात लिहिलंय, आणि कबरीची विटंबना करणाऱ्याला साऱ्या जगाच्या मालकाची लानत. लात नाही, मनात नाही. तबूकच्या मोहिमेच्या साडेतीनशेहून अधिक वर्षं आधी त्या गावाचं नाव अल-हिजरच होतं, हे दगड सांगतो. ज्या वडिलांनी तक्रार केली त्यांच्या मुलीला मी हे आवर्जून सांगितलं. घरी जाऊन सांगितलंस तरी चालेल, म्हटलं.

मागच्या आठवड्यात आठवीला जुहैरचा लेख दाखवला. हिजरपासून फार दूर नाही तो खडक. १९९९ मध्ये अली अल-गबान या सौदी संशोधकांना सापडला. जुहैर नावाच्या माणसाने लिहिलंय की हजरत उमर (र.) वारले त्या काळी, सन चोवीसमध्ये, मी हे लिहिलं. हिजरी २४. तारीख घातलेल्या सर्वात जुन्या इस्लामी लेखांपैकी एक. मी काही न सांगता फक्त फोटो मोठा करून धरला. पहिली दोन मिनिटं कुणालाच काही दिसेना. मग खिडकीवाली मुलगी पुढे आली, स्क्रीनला नाक लावलं आणि बोटाने एकेक अक्षर पकडत वाचलं: ऐन, मीम, रे. "उमर!"

सगळा वर्ग फोनवर पडला. दुसरीने टिंबं शोधली. काही अक्षरांवर आहेत, काहींवर नाहीतच. "मॅडम, याने पण टिंबं खाल्ली!" शुद्धलेखनात रोज टिंबांचे गुण गमावणाऱ्या त्या मुलींना जुहैर एकदम आपल्यातला वाटू लागला. आता वहीत लाल खूण केली की त्या जुहैरचं नाव पुढे करतात, आणि मला अर्धा गुण द्यावाच लागतो.